लेदरचं रायडिंग जॅकेट: घालण्याआधी उलटं करून बघा

दुकानात लेदरचं जॅकेट हातात आलं की सगळे एकच करतात. अंगात घालतात, आरशासमोर उभे राहतात, खांदे मागे घेतात. मीही पहिलं जॅकेट असंच घेतलं. रुबाबदार दिसायचं. वर्षाच्या आत एका वळणावर बारीक खडीवरून गाडी घसरली. वेग सायकलपेक्षा थोडाच जास्त असेल. उजव्या कोपरावर पडलो. घरी येऊन जॅकेट काढलं तर चामड्यावर पुसटसा ओरखडा, कोपर मात्र टम्म सुजलेलं. कोपराचा पॅड आत होता, अगदी व्यवस्थित शिवलेल्या कप्प्यात. पण बाही ढगळ होती. पडता पडता ती हाताभोवती फिरली आणि पॅड कोपराच्या आतल्या बाजूला जाऊन बसला.

त्या दिवसापासून मी जॅकेट आधी उलटं करतो आणि मग घालतो. नवीन असो, जुनं असो, दुसऱ्याचं असो, रायडिंगच्या लेदरचं खरंखोटं आतूनच कळतं. पुढे जे लिहिलं आहे ते पहिल्यांदा लेदर घेणाऱ्यांसाठी, आणि घरात एक जुनं जॅकेट आहे पण अजून चालेल की नाही या विचारात असणाऱ्यांसाठीही.

आधी अपेक्षा ठरवा

लेदरचं मुख्य काम रस्त्यावर घासत जाताना तुमच्या कातडीऐवजी स्वतः झिजणं. आपटण्याचा मार ते फारसं शोषत नाही. तो भाग आतल्या पॅडचा, म्हणजे आर्मरचा. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात हॅरी हर्ट यांच्या पथकानं ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले होते. १९८१ साली आलेल्या त्या अहवालात हेच म्हटलंय: जाड जॅकेट, बूट आणि ग्लोव्हजमुळे सोलवटणं आणि कापणं टळतं किंवा कमी होतं, आणि या जखमा वारंवार होत असल्या तरी क्वचितच गंभीर असतात. म्हणजे लेदर घातलं म्हणून हाडं अभेद्य होत नाहीत. पण तळहात, गुडघे आणि नितंब सोलवटून ज्यानं काही आठवडे पालथं झोपून काढलेत, त्याला ‘गंभीर नाही’ हे शब्द ऐकवून बघा.

मग तुमचं रायडिंग कसं आहे ते स्वतःला विचारा. ट्रॅकवर जाणार असाल तर वनपीस सूट, त्यात वाद नाही. कमरेत जॅकेट वर सरकण्याचा प्रश्नच उरत नाही. रस्त्यावर रोज चालवायचं तर टूपीस सोयीचा, पण जॅकेट आणि पँट जोडणारी चेन कमरेभोवती पूर्ण फिरणारी हवी. पाठीमागे वीतभर चेन असते ती नसण्यापेक्षा बरी, एवढंच. खूप उकाड्यात चालवणाऱ्यांनी छातीवर आणि बाह्यांच्या पुढच्या भागात बारीक छिद्रं असलेलं लेदर बघावं. खांदा, कोपर, नितंब इथे मात्र छिद्रं नकोत. घासलं जाणारे भाग तेच. आणि इतका उकाडा असेल की जॅकेट घरीच खुंटीला राहणार, तर चांगलं प्रमाणित मेश, म्हणजे जाळीदार कापडाचं जॅकेट घ्या. खुंटीवरचं लेदर फक्त खुंटीचं रक्षण करतं.

लेबल शोधा, आणि ते कशाचं आहे ते बघा

जॅकेट उलटं केलं की पहिली नजर शिवलेल्या लेबलवर जाऊ द्या. युरोपात मोटरसायकलच्या कपड्यांसाठी सध्या ईएन १७०९२ हे २०२० चं मानक चालतं. लेबलवर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र आणि शेजारी वर्गाचं अक्षर असतं. ट्रिपल ए सगळ्यात कडक, मग डबल ए, मग सिंगल ए. बी म्हणजे घासण्यापासून ए इतकंच संरक्षण, पण पॅडशिवाय. सी म्हणजे नुसते पॅड धरून ठेवणारा कपडा, जो दुसऱ्या संरक्षक कपड्याखाली किंवा वर घालायचा. चांगलं जाड लेदर बहुधा ट्रिपल ए किंवा डबल ए मध्ये बसतं.

हा वर्ग ठरवण्यासाठी घासण्याची चाचणी असते. तीत कपड्याचा तुकडा फिरत्या यंत्रावरून काँक्रीटवर सोडतात. सगळ्यात धोक्याच्या भागांसाठी तो वेग ट्रिपल ए ला ताशी १२०, डबल ए ला ७० आणि सिंगल ए ला ४५ किलोमीटर इतका धरतात. हा तुकड्याच्या परीक्षेचा वेग आहे. ‘ट्रिपल ए आहे, म्हणजे १२० ला पडलो तरी चालतंय’ असा त्याचा अर्थ नाही.

आता नवख्यांची हमखास फसगत होते ती गोष्ट. बाहेर लटकणाऱ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत ‘सीई आर्मर’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ फक्त आतले पॅड प्रमाणित आहेत. जॅकेटचं स्वतःचं प्रमाणपत्र वेगळं असतं आणि ते कपड्याला शिवलेल्या लेबलवरच मिळतं. ते सापडलं नाही तर दुकानदाराला सरळ विचारा. गोलमोल उत्तर आलं तर उत्तर मिळालं असं समजा.

काही जुन्या जॅकेटांत ईएन १३५९५ असं लेबल दिसेल. ते २००२ चं आधीचं मानक. त्यामागे केंब्रिजच्या डॉ. रॉडरिक वूड्स यांचं काम होतं. अपघातात सापडलेले कपडे तपासून अंगाचा कोणता भाग किती घासतो याचे नकाशे त्यांनी बनवले. ते मानक बरंच कडक होतं, त्यामुळे जुनं लेबल दिसलं म्हणून नाक मुरडू नका.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून मोटोकॅप नावाचा उपक्रम चालतो. बाजारातले कपडे घेऊन ते तपासतात आणि संरक्षणाचे गुण वेगळे, हवा खेळण्याचे वेगळे देतात. तुमच्या मनातलं मॉडेल त्यात असेल तर पाच मिनिटं खर्च करा. महागड्या जॅकेटला कमी आणि साध्याला जास्त गुण मिळालेले पाहून गंमत वाटेल.

चामडं

गाईचं लेदर रायडिंगसाठी साधारण १.१ ते १.४ मिलिमीटर जाड असतं. फॅशनच्या जॅकेटचं मेंढीचं मऊसूत चामडं ०.६ ते ०.८ च्या आसपास. ते बोटांना लगेच आवडतं आणि रस्त्यावर लगेच फाटतं. कांगारूचं लेदर याला अपवाद. त्याचे तंतू पृष्ठभागाला समांतर, घट्ट विणल्यासारखे असतात, म्हणून एक मिलिमीटरच्या आतबाहेर असूनही ते दणकट राहतं. त्याचे सूट हलके असतात, खिसा मात्र हलका करतात.

फुल ग्रेन म्हणजे वरचा मूळ थर न घासलेलं चामडं, तेच घ्यावं. कडेची एखादी उघडी किनार शोधा, बहुतेक वेळा आतल्या खिशापाशी किंवा कॉलरच्या खाली सापडते. तिथे दाट तंतू दिसले पाहिजेत. कापडावर चिकटवलेला प्लास्टिकचा थर दिसला तर ते रेक्झिन आहे, बाहेरून कितीही झकास दिसो.

शिवण

इथे वेळ काढा. रस्त्यावर लेदर आरपार झिजण्याआधी पुष्कळदा शिवण उसवते, आणि शिवण उसवली की आतला माणूस उघडा.

बाही उलटी करा आणि खांद्यापासून मनगटापर्यंत बोट फिरवत जा. मुख्य शिवणी दुहेरी किंवा तिहेरी हव्यात आणि त्यातली निदान एक ओळ बाहेरून न दिसणारी, चामड्याच्या घडीत दडलेली हवी. याचं कारण सोपं आहे. बाहेरचा धागा पहिल्या क्षणीच रस्त्याला लागतो आणि घर्षणाच्या उष्णतेनं वितळतो किंवा तुटतो. घडीतला धागा तेव्हाही शाबूत असतो आणि दोन तुकडे धरून ठेवतो. कोपराच्या आणि खांद्याच्या बाहेरच्या बाजूवरून जाणारी उघडी, एकेरी, शोभेच्या रंगाची शिवण दिसली तर ते जॅकेट खाली ठेवा.

धागा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा हवा. सुती धागा घामानं आणि ओलीनं कुजतो. आता दोन्ही हातांनी शिवणीच्या दोन बाजू धरून हलकेच ताणा. फटीतून टाके शिडीसारखे उघडे पडले तर धाग्याचा ताण सैल आहे. टाके फारच जवळजवळ असतील तर वेगळी भानगड होते: सुईच्या भोकांनी चामडं टपाल तिकिटाच्या कडेसारखं होतं आणि जोर आला की त्या रेषेत फाटतं. म्हणून ‘बघा किती बारीक शिलाई’ हे कौतुक रेशमी कपड्यांपुरतं ठेवा.

कोपर आणि खांद्यावर चामड्याचा दुसरा थर असेल तर उत्तम. चेनच्या मागे पट्टी आहे ना तेही बघा. तापलेली किंवा तुटलेली चेन अंगाला लागणं काही सुखाचं नसतं.

आर्मर

पॅड कप्प्यातून बाहेर काढा. दुकानदार बघत असला तरी काढा. हातापायांच्या पॅडवर ईएन १६२१-१ असं उमटवलेलं असतं, पाठीच्या पॅडवर ईएन १६२१-२, आणि सोबत लेव्हल १ किंवा २. चाचणीत सुमारे ५ किलोचं वजन साधारण मीटरभरावरून पॅडवर पाडतात आणि खाली किती बल पोचलं ते मोजतात. हातापायांच्या पॅडमधून लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ ला २० पर्यंत. पाठीसाठी हेच आकडे १८ आणि ९. फरक केवढा आहे ते दिसलंच. लेव्हल २ चे पॅड हल्ली जाडजूड नसतात, तेव्हा जिथे बसतील तिथे तेच घाला.

पाठीच्या कप्प्यात पुष्कळदा नुसता फोमचा पातळ तुकडा असतो. तो आकार दाखवायला असतो, मार खायला नाही. वर सांगितलेल्या मानकात पाठीचा पॅड सक्तीचा नाही, त्यामुळे ट्रिपल ए जॅकेटमध्येही हा तुकडा निघू शकतो. तो फेकून त्या मापाचा खरा पॅड घ्या. जॅकेट घेताना हा खर्च धरूनच चला.

मापात बसवणं: आरशासमोर नव्हे, गाडीवर

नवीन लेदर उभं असताना थोडं आवळलेलं, किंचित अवघड वाटलं पाहिजे. लेदर अंगाच्या आकारानं थोडं सैलावतं, ढगळ लेदर मात्र कधीच आवळत नाही. श्वास पूर्ण भरता आला पाहिजे आणि हात वर करता आले पाहिजेत. गाडीवर बसलात की तेच जॅकेट आरामात बसायला हवं, कारण बाह्या आधीच थोड्या वाकवून शिवलेल्या असतात. उभ्यानं आखूड वाटणारं जॅकेट बसल्यावर बरोबर होतं, आणि उभ्यानं ऐटदार वाटणारं बसल्यावर पोटाशी गोळा होतं.

गाडीवर बसा. आपली गाडी नसेल तर तशाच बसणीची कुठलीही. हँडल धरा आणि सोबत आलेल्या माणसाला तीन गोष्टी करायला सांगा. त्यानं तुमची बाही कोपरापाशी पकडून पिळायची; पॅड कोपराच्या टोकावरून सरकला तर माप मोठं आहे. मग मनगटाकडून बाही वर ओढायची. ती कोपराकडे सरकत गेली तर मनगटाची पकड ढिली आहे. शेवटी मागून जॅकेटचा खालचा काठ धरून वर खेचायचा. पाठ उघडी पडली तर जोडणाऱ्या चेनशिवाय हे जॅकेट कामाचं नाही. माझ्या पहिल्या जॅकेटनं यातली पहिलीच परीक्षा नापास केली असती. मी कुणाला पिळायला सांगितलंच नव्हतं.

मान वळवून मागे बघा, कॉलर रुतते का. बायकांनी पुरुषांच्या कटात छोटी साइज घेण्याची तडजोड शक्यतो करू नये. खांदे आणि कोपर जागेवर राहत नाहीत, म्हणजे पॅडही राहत नाहीत.

पँट, ग्लोव्हज, बूट

पँटला हेच सगळं लागू आहे, फक्त गुडघ्याचा पॅड बसलेल्या अवस्थेत तपासायचा. उभ्यानं तो थोडा खाली वाटला तर तेच बरोबर.

ग्लोव्हजचं मानक ईएन १३५९४. त्यावर केपी लिहिलं असेल तर बोटांच्या पेरांचं संरक्षणही तपासलेलं आहे. पडताना हात आपोआप पुढे जातो, तळहात रस्त्याला चिकटतो आणि सगळा जोर मनगटावर येतो. अंगठ्याच्या बुडाशी असलेलं छोटं हाड अशा वेळी मोडतं आणि भरून यायला फार वेळ घेतं. तळहाताच्या टाचेवर घसरणारा कडक तुकडा असेल तर हात अडकण्याऐवजी सरकतो. ग्लोव्हज घेताना मनगटाचा पट्टा नीट लावा आणि दुसऱ्याला बोटांची टोकं धरून जोरात ओढायला सांगा. हातातून निघून आला तर पडल्यावरही निघून येणार.

बूट घोट्याच्या वरपर्यंत हवेत आणि तळवा दोन हातांत धरून आडवा दाबला तर सहज दुमडता कामा नये. लेसचे बूट असतील तर लेस आत खोचता आली पाहिजे.

निगा, थोडक्यात

किडे आणि धूळ ओल्या फडक्यानं त्याच दिवशी पुसा. वर्षातून एकदोनदा लेदर कंडिशनर लावा, पातळ थरात. खाण्याचं तेल चोळू नका. ते खवट होतं, चामडं लिबलिबीत होतं आणि धाग्यातही उतरतं. जॅकेट भिजलं तर रुंद हँगरवर सावलीत वाळवा. हीटर, ऊन, हेअर ड्रायर यांनी चामडं कडक होतं आणि तडकतं. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलं की बुरशी ठरलेलीच.

बदलायचं कधी

लेदरवर मुदतीची तारीख नसते. सांभाळलेलं चामडं वर्षानुवर्षं टिकतं. पण जॅकेट एकदम म्हातारं होत नाही, त्याचे भाग वेगवेगळ्या वेगानं होतात. माझ्या अनुभवात आधी पॅड जातात, मग चेन, मग धागा आणि सगळ्यात शेवटी चामडं. बाहेरून मात्र फक्त चामडंच दिसतं, आणि तिथेच माणूस फसतो.

पॅडवर बहुधा एक छोटं वर्तुळ उमटवलेलं असतं, कडेनं १ ते १२ आकडे, मधे बाण आणि वर्षाचे दोन आकडे. तो ते बनल्याचा महिना आणि वर्ष. बनवणाऱ्यानं किती वर्षं सांगितलीत ते सोबतच्या कागदात बघा. अंगठ्यानं दाबा: खळगा तसाच राहिला, कडा कडक लागल्या किंवा वाकवल्यावर तडा गेला तर नवा घ्या. मी एकदा कपाटाच्या तळातलं जॅकेट बाहेर काढलं. चामडं काळंभोर, तुकतुकीत. खांद्याचा पॅड ओढला तर अर्धा हातात आला आणि उरलेला पिवळट भुगा होऊन कप्प्यातून जमिनीवर सांडला. पुढे दोन दिवस अस्तर झटकत होतो.

शिवणीसाठी पुन्हा उलटं करा. घडीतल्या धाग्यावर नख घासा. धागा पिंजारला किंवा त्याची धूळ निघाली तर तो संपला. धागा बदलून पुन्हा शिवता येतं, पण रायडिंगचं लेदर शिवणाऱ्या कारागिराकडूनच. जुन्याच भोकांतून सुई घालावी लागते. नवी भोकं पाडत गेलं की टपाल तिकीट तयार.

चामड्यासाठी कोपराची घडी घाला आणि टॉर्च मारून चिरेच्या तळाशी बघा. फक्त वरचा रंग फुटला असेल तर कंडिशनर लावून चालवा. चिरेत तंतू दिसत असतील, किंवा नखानं चामड्याचे कण सुटत असतील, तर ते जॅकेट आता फक्त थंडीचं.

पडल्यानंतर नियम वेगळे. ज्या पॅडवर मार बसला तो बदला, तो दिसायला धडधाकट असला तरी. घासलेल्या भागावर वरचा गुळगुळीत थर जाऊन मखमलीसारखे तंतू वर आले असतील तर तो तुकडा बदलून घ्या. तेवढं चामडं पातळ झालेलं असतं. आणि मार लागलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी आतून तपासा, ताण तिथपर्यंत पोचतो. एकदोन तुकडे आणि चेन बदलण्यापर्यंत दुरुस्ती परवडते. खांदा, कोपर आणि पाठ तिन्ही गेलं असेल तर नवंच घ्या.

एक कारण लोक कबूल करत नाहीत: जॅकेट तेच असतं, पोट बदललेलं असतं. चेन लावायला श्वास धरावा लागत असेल किंवा वजन कमी होऊन बाही फिरत असेल, तर चामडं कितीही चांगलं असो, ते तुमच्या मापाचं राहिलेलं नाही.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, ढिला झालेला मऊपणा फुकट मिळतो. फक्त फोटोवर घेऊ नका. रंग अगदी नवा आणि पॅड जुने, असं दिसलं तर ओरखडे रंगवलेले असू शकतात. कोपरावर बोट फिरवलं की खरखर लागते. पॅड सगळे नवे घालायचे, हे आधीच धरून भाव करा.

बाद झालेलं जॅकेट मात्र कुणाला रायडिंगसाठी देऊ नका. मी माझ्याचं लेबल कापून टाकलं आणि दोन्ही बाह्या फाडून पाने-पक्कड ठेवायची पिशवी शिवून घेतली. खडीवरचा तो ओरखडा पिशवीच्या झाकणावर आलाय.